हाकेच्या अंतरावरील वाटा

मार्गशीर्ष लागला की पुण्याभोवतीच्या टेकड्यांचा रंग बदलतो. पावसाळ्यात छातीपर्यंत वाढलेले गवत पिवळे पडून आडवे होते, ओहोळ आटतात, चिखलाच्या जागी घट्ट माती येते आणि चार महिने गवताखाली दडून राहिलेल्या पाऊलवाटा केसांतील भांगासारख्या एकेक करून उघड्या पडतात. डोंगरी सायकल चालवणाऱ्या माणसासाठी वर्षातील हा सर्वांत उदार काळ. पावसात माती चाकांना लगडून सायकल जागची हलत नाही. उन्हाळ्यात सकाळी नऊ वाजताच डोके तापू लागते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चार महिने मात्र नव्या वाटा शोधण्यासाठीच जणू राखून ठेवलेले असतात.

माझे वय 68 आहे. या वयात टेकडीवर सायकल घेऊन जाण्याचे कारण काय, असे मला अनेकजण विचारतात. काही कौतुकाने, काही काळजीने. त्याचे उत्तर माझ्या घरात आहे, म्हणून आधी घराविषयी सांगतो.

माझ्या पत्नीला गेली सात वर्षे कंपवात आहे. सुरुवातीला केवळ उजव्या हाताला असलेला कंप हळूहळू मागे पडला आणि त्याची जागा हालचालींच्या मंदपणाने घेतली. आता चालता चालता, विशेषतः दाराच्या चौकटीपाशी किंवा वळताना, तिचे पाय जमिनीला खिळल्यासारखे थांबतात. आमचा दिवस तिच्या औषधाच्या वेळांनी बांधलेला आहे. पहिली गोळी सकाळी सहाला, न्याहारीच्या बऱ्याच आधी. कारण प्रथिनयुक्त अन्न सोबत घेतले तर लेव्होडोपाचे शोषण मंदावते. सात वाजता मदतीला येणाऱ्या मावशी पावणेनऊपर्यंत तिची आंघोळ, वेणीफणी आणि खाणे सांभाळतात. हे पावणेदोन तास माझे. त्यांतून परतण्याची घाई आणि अंगावरची धूळ झटकण्याचा वेळ वजा केला, तर सव्वा तास उरतो.

सव्वा तासात सिंहगडाला जाऊन येता येत नाही. तरुणपणी मी कात्रजच्या घाटातून दूरवर सायकल पिटाळली आहे. पुणे हे सायकलींचे शहर म्हणून ओळखले जात होते तेव्हाची ती गोष्ट. आता माझ्या वाटा घरापासून चार-पाच किलोमीटरच्या आतच असल्या पाहिजेत. मावशींचा फोन आला, तर वीस मिनिटांत मला दारात उभे राहता आले पाहिजे. ही अट आरंभी मला जाचक वाटे. पुढे लक्षात आले की दूर जाण्याची सोय नसलेला माणूस जवळचे फार बारकाईने पाहू लागतो. कोथरूडच्या म्हातोबा टेकडीपासून वेताळ टेकडीपर्यंतच्या ज्या रांगेकडे मी चाळीस वर्षे केवळ खिडकीतून पाहत आलो, तिच्या अंगाखांद्यावर इतक्या वाटा आहेत याची मला कल्पनाही नव्हती.

डोंगरी सायकलचा जन्मही अशाच घराजवळच्या डोंगरावर झाला, हे वाचून मला मौज वाटली होती. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, मरीन परगण्यात माउंट टॅमलपायस नावाचा डोंगर आहे. 1970च्या दशकात तिथल्या काही तरुणांनी जुन्या, जाड टायरांच्या सायकली दुरुस्त करून त्या डोंगरावरील मातीच्या रस्त्यांवरून खाली आणण्यास आरंभ केला. 1976मध्ये एका तीव्र उतारावर त्यांच्या शर्यती सुरू झाल्या. उतरताना मागच्या चाकातील ब्रेक इतका तापे, की त्यातील ग्रीस जळून जाई आणि दर खेपेस ते नव्याने भरावे लागे. म्हणून त्या शर्यतीचे नावच ‘रीपॅक’ पडले. पुढे वीस वर्षांनी, 1996च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये या प्रकाराला खेळ म्हणून स्थान मिळाले. परंतु मूळ प्रेरणा साधी होती : जुनी सायकल, मागचा डोंगर आणि मोकळा वेळ. यांतील पहिल्या दोन गोष्टी बहुतेकांना मिळू शकतात. तिसरी मिळवावी लागते.

माझी सायकलही एका परिचिताकडून घेतलेली, वापरलेली आहे. पुढच्या चाकाला धक्के शोषणारा दांडा, दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक आणि सव्वादोन इंच रुंदीचे टायर एवढेच तिचे वैभव. टेकडीवर जाताना टायरांतील हवा डांबरी रस्त्यापेक्षा कमी ठेवतो. टायर किंचित दबला की त्याची पकड वाढते आणि खडीचे हादरे मनगटांपर्यंत कमी पोहोचतात. सीट जरा खाली घेतलेली असते, जेणेकरून तोल गेल्यास पाय चटकन जमिनीला टेकावा.

आता वाटा शोधण्याविषयी. पहिला शोध घरी बसूनच होतो. मोबाइलवरील उपग्रहाच्या नकाशात कोरड्या ऋतूतील चित्र असेल, तर गवताच्या पिवळ्या पार्श्वभूमीवर पायवाटांच्या फिकट रेघा स्पष्ट दिसतात. त्यांतील कोणत्या रेघा घरापासून पाच किलोमीटरच्या वर्तुळात येतात, एवढे पाहून ठेवायचे. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या नकाशांवरही तुटक रेषांनी पायवाटा दाखवलेल्या असतात. त्यांतील काही आज इमारतींखाली गेल्या आहेत, तर काही अजून तशाच आहेत.

दुसरा शोध माणसांकडून. टेकडीच्या पलीकडच्या उतारावर गुरे घेऊन येणाऱ्या एका गुराख्याने मला जेवढे शिकवले, तेवढे कोणत्याही नकाशाने शिकवले नाही. तो म्हणाला, “आजोबा, माणसाची वाट सरळ चढते, म्हणून दम लागतो. म्हशीची वाट धरा.” त्याच्या म्हणण्यात भूमिती होती. गुरे उभा चढ कधी चढत नाहीत. डोंगराच्या अंगाने तिरकी जातात, वळतात, पुन्हा तिरकी जातात. वर्षानुवर्षे त्यांच्या खुरांनी पडलेल्या ढोरवाटा साठीनंतरच्या गुडघ्यांना आणि फुप्फुसांना मानवतात.

तिसरी युक्ती सर्वांत स्वस्त. ओळखीची वाट उलट दिशेने धरावी. चढाचा उतार होतो, पाठीमागे राहणारे दृश्य समोर येते, सावल्या दुसऱ्या बाजूला पडतात आणि रोजची वाट नवी होते. माझ्या वर्तुळात मला अशा चौदा वाटा सापडल्या आहेत. उलट-सुलट धरून त्या अठ्ठावीस होतात, असा माझा हिशेब.

नवी वाट सापडली तरी तिच्यावर पहिल्या दिवशी मी सायकल चालवत नाही. पहिली फेरी पायी, सायकल हाती धरून. कुठे मुरूम सैल आहे, कुठे मूळ आडवे आले आहे, कुठे पावसाने घळ पाडली आहे, हे पायांना आधी कळावे लागते. आपल्या टेकड्या बेसाल्टच्या, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांनी बनलेल्या आहेत. हा दगड झिजून त्याचा मुरूम होतो आणि कोरड्या मुरमाचे गोल खडे उतारावर चाकाखालून छर्ऱ्यांसारखे निसटतात. हिवाळ्यात पहाटेच्या दवाने तो थोडा दबून असतो, उन्हे वर आली की सुटा होतो. म्हणून चढण्याची आणि उतरण्याची वेळ सारखी धरून चालत नाही. ज्या उतारावरून सकाळी साडेसातला सायकलने आलो, त्याच उतारावर साडेआठला मी उतरून चालतो.

मी पडलो, तर एकटा पडणार नाही. माझ्या मनगटाचे हाड मोडले तर रात्री पत्नीला कुशीवर कोण वळवील, पहाटे गोळी कोण देईल, हे प्रश्न माझ्याबरोबर प्रत्येक उतारावर असतात. परदेशी असलेला आमचा मुलगा फोनवर म्हणाला होता, “बाबा, या वयात हे धाडस कशाला? घरातच व्यायाम करा.” त्याची काळजी रास्त होती. मी त्याला सांगितले, की मी धाडस करीत नाही. मी रोज थोडा वेळ तुझ्या आईची काळजी घेणारा माणूस धड ठेवण्यासाठी बाहेर जातो. तो काही क्षण गप्प राहिला. मग म्हणाला, “हेल्मेट चांगलं घ्या.” पुढच्या आठवड्यात त्यानेच ते पाठवले.

तेव्हापासून आमच्या घरी एक नियम आहे : शंका आली की उतरायचे. शंकेशी वाद घालायचा नाही. सायकलवरून उतरून चार पावले चालण्यात कमीपणा नाही.

शरीराविषयी काही गोष्टी माझ्या डॉक्टरांनी समजावून सांगितल्या, त्या समवयस्क वाचकांच्या उपयोगी पडतील. थंडीत त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, त्यामुळे रक्तदाब वाढतो आणि हृदयावरचा भार वाढतो. म्हणून गार अंगाने एकदम चढ चढू नये. मी घरातच दहा मिनिटे हातपाय, खांदे, घोटे मोकळे करतो आणि पहिला किलोमीटर सपाट रस्त्याने, रमतगमत जातो. छातीचा, रक्तदाबाचा किंवा मधुमेहाचा त्रास असलेल्यांनी अशा व्यायामाला आरंभ करण्यापूर्वी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी. रक्त पातळ करणारे औषध चालू असेल, तर डोक्याला बसलेला किरकोळ वाटणारा मारही गंभीर ठरू शकतो. अशांनी टेकडीचा मोह टाळून सपाट वाट किंवा घरातील स्थिर सायकल पत्करावी, हे उत्तम.

व्यायामाची गती ओळखण्याची कसोटी सोपी आहे. चढावर सोबत्याशी एखादे वाक्य बोलता यावे. बोलता येत नसेल तर वेग कमी करावा. छातीत दाटणे, डाव्या हातात किंवा जबड्यात दुखणे, चक्कर, अकारण घाम यांपैकी काहीही जाणवले, तर तिथेच थांबून मदत मागावी. आपल्याकडे 112 हा आपत्कालीन क्रमांक आहे आणि रुग्णवाहिकेसाठी महाराष्ट्रात 108. माझ्या खिशात रक्तगट, चालू औषधे आणि दोन संपर्क क्रमांक लिहिलेले एक कार्ड असते. निघताना मी कोणत्या वाटेने जाणार हे घरी सांगून जातो.

हिवाळ्याचा आणखी एक धोका डोळ्यांना दिसतो, पण आपण त्याला धुके समजून चुकतो. थंड रात्री जमिनीलगतची हवा गार व जड होते आणि तिच्यावर तुलनेने उबदार हवेचे झाकण बसते. शेकोट्यांचा, जाळलेल्या कचऱ्याचा आणि वाहनांचा धूर त्या झाकणाखाली अडकतो. ऊन पडून जमीन तापेपर्यंत तो वर जात नाही. त्यामुळे दमा किंवा श्वासनलिकेचा जुना विकार असलेल्यांनी पहाटे पाचला बाहेर पडण्याचा अट्टहास करू नये. जानेवारीत पुण्याचा सूर्योदय सातच्या थोडा पुढे होतो. माझी वेळ मावशींनी ठरवली असली, तरी ती नेमकी योग्य निघाली. नाकावर पातळ सुती रुमाल बांधल्याने श्वासातून आत जाणारी हवा थोडी उबदार आणि दमट होते. तहान मात्र थंडीत लागत नाही आणि वयाबरोबर तिची जाणीवही मंदावते. म्हणून तहानेची वाट न पाहता पाण्याचे चार घोट घ्यावेत.

जागतिक आरोग्य संघटना 65 वर्षांवरील व्यक्तींनाही आठवड्यातून किमान 150 मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि त्याशिवाय तीन दिवस तोल सांभाळण्याचे व स्नायूंच्या बळाचे व्यायाम सुचवते. सायकलने हृदय, फुप्फुसे आणि मांड्या बळकट होतात. हाडांना मात्र तिचा फारसा लाभ होत नाही, कारण शरीराचा भार सीटवर असतो. टेकडीवर मी जो अर्धा वेळ सायकल ढकलत चालतो, तो माझ्या हाडांच्या वाट्याचा, असे मी मानतो.

टेकडी ही माझ्या एकट्याची नाही. तिथे फिरायला येणारी वृद्ध जोडपी असतात, मुले असतात, मोर असतात. जानेवारीच्या अखेरीस काटेसावरीला लाल फुले येऊ लागतात आणि त्यांच्याभोवती पक्ष्यांची गर्दी उसळते. हिवाळी पाहुणा असलेला थिरथिरा शेपटी थरथरवत दगडावर बसलेला दिसतो. पायी चालणाऱ्याला पाहताच मी थांबतो, घंटीऐवजी तोंडाने हाक देतो. वन विभागाने जिथे सायकलीला मनाई केली आहे तिथे जात नाही. रुळलेली वाट सोडून गवतातून नवी रेघ ओढत नाही. पुढच्या पावसात त्याच रेघेतून पाणी धावते आणि माती घेऊन जाते. माझा शोध जुन्या, विसरलेल्या वाटांचा आहे; नव्या पाडण्याचा नाही.

आता या सर्वांत पत्नीचा भाग सांगतो, कारण तो निम्म्याहून अधिक आहे.

सुरुवातीच्या हिवाळ्यात मी परत आलो की ती विचारी, “अहो, आज कुठून गेलात?” मी ठरावीक वाटेचे नाव सांगे आणि संभाषण तिथेच संपे. ज्या दिवशी पहिल्यांदा नवी वाट सापडली, त्या दिवशी मात्र ती प्रश्नांवर प्रश्न विचारू लागली. वाट कुठे फुटली? कोणती झाडे होती? वरून आपले घर दिसते का? कंपवाताने तिच्या चेहऱ्यावरील भाव पुष्कळ पुसले आहेत. समोरच्याला ती उदास किंवा अलिप्त वाटते, पण आत सारे जागे असते. त्या प्रश्नांतून मला ते जागेपण ऐकू आले. तेव्हापासून मी वाटा तिच्यासाठीही शोधतो. रोज न्याहारीनंतर मी सांगतो आणि ती त्या वाटेला नाव देते. तिच्या वहीत ती नावे लिहिलेली आहेत. अक्षर आता मुंगीएवढे बारीक झाले आहे, हेही त्या आजाराचेच लक्षण; फिजिओथेरपिस्टने वहीवर ठळक, रुंद ओळी आखून दिल्यापासून ते थोडे मोठे येते. ‘गणेराचा चढ’, ‘दोन दगडांची वाट’, ‘धापखिंड’. शेवटचे नाव माझ्या दम लागण्यावरून पडले आहे.

2010 साली नेदरलँड्समधील डॉक्टर अँके स्नायडर्स आणि बास ब्लूम यांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एका 58 वर्षांच्या रुग्णाची हकीकत प्रसिद्ध केली होती. कंपवातामुळे त्याला चार पावलेही धड टाकता येत नसत, परंतु सायकलवर बसवताच तो सहज ती चालवत असे. उतरला की पाय पुन्हा थिजत. आमच्या मेंदुविकारतज्ज्ञांनी ही हकीकत सांगितली तेव्हा पत्नी बराच वेळ काही बोलली नाही. रस्त्यावर सायकल चालवणे तिच्यासाठी सुरक्षित नाही, हे त्यांनी लगेच स्पष्ट केले. मात्र त्यांच्या व फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने आम्ही पाठीला टेकू असलेली स्थिर सायकल घेतली. औषधाचा अंमल चांगला असतो त्या वेळी, मावशी शेजारी उभ्या असताना, ती रोज दहा ते पंधरा मिनिटे पायडल मारते. तिचे पाय चौकटीपाशी थांबतात. पायडलवर मात्र लयीत फिरतात. तिचा आजार यामुळे बरा होणार नाही, हे आम्हा दोघांना ठाऊक आहे. त्या पंधरा मिनिटांत तिचे पाय तिचे ऐकतात, एवढेच. आणि ते लहान नाही.

घरात दीर्घ आजाराची शुश्रूषा करणाऱ्यांना माझे एक सांगणे आहे. आपण बाहेर घालवलेला तास ही रुग्णाच्या वाट्यातून केलेली चोरी नव्हे. आठवड्याला तीन-चार वेळा, ठरावीक वेळी, विश्वासू माणसाच्या हाती घर सोपवून बाहेर पडावे. त्या माणसाला औषधांच्या वेळा, पडल्यास काय करायचे आणि कोणाला फोन करायचा हे लिहून द्यावे. सायकल नसेल तर पायी जावे; टेकडी नसेल तर नदीकाठ, कालव्याचा बांध, शाळेमागची गल्ली, काहीही चालेल. मात्र शक्य तर रोज एक वळण नवे घ्यावे. आजारपणाच्या घरात सगळे दिवस एकसारखे होत जातात आणि त्या एकसारखेपणानेच माणूस अधिक थकतो. नवे वळण घेऊन परतलेल्या माणसाकडे सांगण्यासारखे काहीतरी असते, आणि अंथरुणावरच्या माणसाला औषधाखेरीज ऐकण्यासारखे काहीतरी हवे असते.

या हिवाळ्याचे अजून काही आठवडे उरले आहेत. फेब्रुवारीच्या अखेरीस गणेराची पिवळी फुले फुलतील, ऊन कडक होईल आणि टेकडीचे दिवस संपत येतील. उपग्रहाच्या नकाशावर पाषाणच्या बाजूला उतरणारी एक फिकट रेघ मी हेरून ठेवली आहे. परवा ती पत्नीला दाखवली. तिने ती बोटाने हळूहळू, दोनदा थांबत, शेवटपर्यंत गिरवली आणि म्हणाली, “इथं मध्येच तुटल्यासारखी दिसते. पलीकडं निघते का, ते बघून या.”